झिरो माईलच्या दगडावर लिहिले आहे तरी काय?

नागपूरला बाहेरगावची शैक्षणिक सहल आली की ती विधानभवनाजवळच्या झिरो माईलपाशी थांबतेच. उधळलेले चार घोडे, वालुकाश्माचा एक खांब आणि त्याच्याजवळ एक ठेंगणा दगड. गुरुजी सांगतात, "मुलांनो, हा भारताचा मध्यबिंदू. इंग्रजांनी इथूनच साऱ्या देशाची अंतरे मोजली." मुले वहीत लिहून घेतात, घोड्यांसमोर छायाचित्र निघते आणि बस अंबाझरीकडे वळते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हेच छापलेले असते. शहराच्या माहितीपत्रकांत हेच असते. आता मेट्रोच्या एका स्थानकालाही या जागेचे नाव मिळाले आहे.

हे वाक्य इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनातच येत नाही. नागपूरकरांच्या तर नाहीच, कारण ते ऐकायला गोड लागते. वास्तविक ते तपासायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातले चार आकडे, एक नकाशावही आणि थोडे अंकगणित एवढे पुरते.

ते चार आकडे आपण सर्वांनी पाठ केलेले आहेत. भारताची मुख्य भूमी ८°४′ उत्तर ते ३७°६′ उत्तर या अक्षांशांमध्ये आणि ६८°७′ पूर्व ते ९७°२५′ पूर्व या रेखांशांमध्ये पसरली आहे. दोन अक्षांशांची बेरीज करून निम्मे केले तर २२°३५′ येतात. रेखांशांचे तसेच केले तर ८२°४६′ येतात. नकाशावहीत हे ठिकाण शोधा. ते छत्तीसगडमध्ये, कोरबा शहराच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर पडते. नागपूर आहे २१°९′ उत्तर आणि ७९°५′ पूर्व येथे. म्हणजे या हिशेबाने मध्यबिंदू नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे ४१० किलोमीटर दूर आहे. चूक चार-दोन कोसांची असती तर गोष्ट वेगळी होती.

याच पुस्तकात आणखी एक वाक्य असते. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते, कारण हे रेखावृत्त देशाच्या पूर्व-पश्चिम विस्ताराच्या साधारण मध्यावरून जाते. ते मिर्झापूरजवळून जाते, नागपूरवरून नाही. नागपूर त्याच्या ३°२५′ पश्चिमेला आहे आणि सूर्याला तेवढे अंतर कापायला १३ मिनिटे ४० सेकंद लागतात. हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येते. सूर्यघड्याळ आणि आपले घड्याळ यांच्यातला हंगामी फरक वर्षातून चार वेळा शून्य होतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या सुमारास. यांपैकी एखाद्या दिवशी मैदानात काठी उभी करावी आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते टिपावे. नागपुरात ती बाराला होत नाही, बारा वाजून चौदा मिनिटांच्या आसपास होते. (जूनमध्ये सुट्टी, डिसेंबरात नाताळ आणि सप्टेंबरात ढग. उरतो एप्रिल, आणि नागपूरच्या एप्रिलात दुपारी बाराला मैदानात उभे राहणे म्हणजे काय ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको.) सावली जे सांगते ते एकाच वाक्यात मांडता येते: नागपूर देशाच्या मध्यरेषेवर नाही.

म्हणजे ज्या वर्गात सोमवारी हे आकडे घोकून घेतले जातात, त्याच वर्गाला शनिवारी सहलीत त्यांच्या विरुद्ध विधान सांगितले जाते. दोन्ही वहीत शेजारीशेजारी राहतात आणि एकमेकांशी त्यांची गाठ पडत नाही. माझी मुख्य तक्रार आहे ती याबद्दल. दगड बिचारा निर्दोष आहे.

यावर एक बचाव नेहमी केला जातो: "तो इंग्रजांच्या काळचा, अखंड भारताचा मध्य आहे." बचाव चांगला आहे, कारण त्यात एक महत्त्वाची गोष्ट मान्य केलेली आहे. ती म्हणजे, मध्य कुठे पडतो हे सीमा कुठे धरल्या यावर ठरते. तर मग त्या काळच्या सीमा धरून पाहू. ठेंगण्या दगडावर १९०७ हे साल आहे. तेव्हा ब्रह्मदेश हिंदुस्थानातच मोडत होता. पश्चिमेला बलुचिस्तानची कड सुमारे ६१° पूर्वेला होती आणि ब्रह्मदेशाची पूर्व कड सुमारे १०१° पूर्वेला. निम्मे केले की ८१° येतात. अक्षांश सुमारे २२½° राहतो. हे ठिकाण कान्ह्याच्या जंगलाच्या जवळपास येते, नागपूरपासून जवळजवळ अडीचशे किलोमीटरवर.

गंमत पुढे आहे. १९३७ साली ब्रह्मदेश वेगळा झाला. पूर्वेची सीमा एकदम ९७½° च्या आत आली आणि मध्याचा रेखांश ७९°१२′ झाला. तो नागपूरच्या रेखांशाला जवळजवळ चिकटूनच आहे! अक्षांश मात्र होता तिथेच, म्हणून बिंदू नागपूरच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर, छिंदवाडा जिल्ह्यातल्या अमरवाडा-हर्रईच्या बाजूला पडतो. मध्यबिंदू नागपूरच्या सर्वांत जवळ आला तो हा काळ, आणि तो दहा वर्षेच टिकला. १९४७ मध्ये फाळणी झाली, पश्चिमेची कड ६८ अंशांवर आली आणि मध्य पुन्हा पूर्वेकडे, छत्तीसगडात निघून गेला. चाळीस वर्षांत हा बिंदू मंडल्याच्या रानातून सातपुड्यात आणि तिथून कोरब्याकडे फिरला, आणि या प्रवासात जमिनीचा एक खडासुद्धा जागचा हलला नव्हता. हलल्या त्या कागदावरच्या रेषा.

आता या रीतीचीही झडती घ्यायला हवी, नाहीतर आपण नागपूरचा मान काढून तो कोरब्याला बहाल करू आणि तीही चूकच होईल. टोकांचे आकडे निम्मे करण्याची ही रीत म्हणजे देशाभोवती एक चौकट आखून तिचा मध्य काढणे. चौकटीला चारच ठिकाणे कळतात. बाकी देशाचा आकार कसाही असो, तिला त्याचे काही देणेघेणे नाही. भारताभोवतीच्या या चौकटीत नेपाळ, भूतान आणि बांगलादेश हे देश पुरेच्या पुरे येतात आणि पाकिस्तानचा मोठा तुकडा येतो. शिवाय चारांतले एक टोक बदलले की सारे बदलते. मुख्य भूमीऐवजी ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट, ६°४५′ उत्तर, दक्षिण टोक म्हणून घेतले तर मध्य एकदम ७३ किलोमीटर दक्षिणेला, जांजगीर-चांपा भागात येतो. इंदिरा पॉइंटची जमीन २००४ च्या डिसेंबरातल्या भूकंपात सव्वाचार मीटर खचली आणि दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला. चौकटीच्या रीतीत देशाचा मध्य ठरवणारा एक खुंटा हा असा आहे.

या रीतीचे पितळ उघडे पाडणारी उदाहरणे जगाच्या नकाशात भरपूर आहेत. व्हिएतनाम हा इंग्रजी एस अक्षरासारखा लांबट वळलेला देश आहे. त्याच्या टोकांचे आकडे निम्मे केले तर व्हिएतनामचा मध्य लाओसमध्ये पडतो! क्रोएशियाचा आकार उघड्या जबड्यासारखा आहे आणि त्या जबड्यात बॉस्निया आहे. क्रोएशियाच्या चौकटीचा मध्य बॉस्नियात येतो. अमेरिकेची तर आणखी अडचण. अलास्काची बेटांची माळ १८० अंशांचे रेखावृत्त ओलांडून पलीकडे गेली आहे. त्यामुळे त्या देशाचे सर्वांत पश्चिमेचे आणि रेखांशाच्या आकड्याप्रमाणे सर्वांत पूर्वेचे, अशी दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात आहेत. निम्मे करायचे तर कशाचे? वर्गात ही तीन उदाहरणे नकाशावहीवरून मुलांनाच करू द्यावीत. व्हिएतनामचा मध्य लाओसमध्ये निघाल्यावर वर्गात जो गलका होतो, तो भूगोलाच्या तासाला सहसा ऐकू येत नाही.

यापेक्षा बरी रीत म्हणजे गुरुत्वमध्याची. देशाचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि सीमेवरून काळजीपूर्वक कापावा. कडेजवळ तीन ठिकाणी भोके पाडावीत. एका भोकातून पुठ्ठा खिळ्याला मोकळा टांगावा, त्याच खिळ्याला दोरा आणि वजन बांधून ओळंबा सोडावा आणि दोऱ्याची रेघ पुठ्ठ्यावर मारावी. तिन्ही भोकांनी हेच करावे. तीन रेघा जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य. इथे सीमेची प्रत्येक खाच आणि प्रत्येक फुगवटा हिशेबात येतो. नकाशा मात्र क्षेत्रफळ खरे दाखवणारा हवा. ज्या नकाशात उत्तरेचा प्रदेश फुगलेला दिसतो तो घेतला तर मध्य उगाच उत्तरेला सरकेल. आणि बेटांचे काय करायचे, हे आधी ठरवायला हवे. ती पुठ्ठ्याला जोडलेली नसतात, म्हणून मुले ती सरळ कापून टाकतात!

ही काही केवळ शाळकरी युक्ती नाही. १९१८ साली अमेरिकेच्या सर्वेक्षण खात्याने त्या देशाचा मध्य पुठ्ठा तोलूनच काढला होता. तो कॅन्सस राज्यातल्या लेबॅनन गावाजवळ निघाला. तिथे स्मारक आहे, पण ते नेमक्या जागेवर नाही, सुमारे अर्धा मैल बाजूला आहे. ती जागा एकाच्या शेतात होती आणि त्याला तिथे पाहुण्यांची वर्दळ नको होती. पुढे १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई ही राज्ये झाली आणि मध्य साउथ डकोटात, बेल फूर्श गावाच्या उत्तरेला गेला. त्याचेही स्मारक गावात आहे आणि बिंदू वीसेक मैलांवर माळात. स्मारके रस्त्याच्या सोयीने उभी राहतात, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो.

युरोपीय संघाने तर हा खेळ चालूच ठेवला आहे. फ्रान्सची राष्ट्रीय भूगोलसंस्था या संघाचा मध्य काढते. २००७ मध्ये बल्गेरिया आणि रुमानिया आत आले तेव्हा तो जर्मनीत गेल्नहाउझेनजवळ होता. २०१३ मध्ये क्रोएशिया आला आणि तो वेस्टर्नग्रुंड या खेड्यात सरकला. २०१४ च्या आरंभी मादागास्करजवळचे मायोत हे छोटे फ्रेंच बेट संघाच्या हद्दीत धरले जाऊ लागले, तेव्हा तो अर्धा किलोमीटर हलला. २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडला आणि मध्य व्युर्त्सबुर्गजवळच्या गाडहाइम या वाडीत गेला. प्रत्येक वेळी नव्या गावाने झेंडे लावले आणि जुन्या गावाने आपले ठेवून दिले. यात कोणाला फसवल्यासारखे वाटत नाही, कारण हा मध्य अमुक सालचा, अमुक रीतीने काढलेला, असे तिथे स्पष्ट म्हटलेले असते. आपल्याकडे नेमके तेवढेच वाक्य गाळले जाते.

भारताच्या बाबतीत सीमा बदलल्यावर गुरुत्वमध्य किती हलतो, हे वरच्या वर्गातल्या मुलांना काढता येईल. सूत्र तराजूचे आहे. नव्याने जोडलेले क्षेत्रफळ भागिले एकूण क्षेत्रफळ, गुणिले त्या भागाचे मध्यापासूनचे अंतर. सिक्कीम १९७५ मध्ये भारतात आले. त्याचे क्षेत्रफळ ७,०९६ चौरस किलोमीटर, भारताचे ३२,८७,२६३. सिक्कीम देशाच्या मध्यभागापासून हजारेक किलोमीटर दूर आहे. उत्तर येते सव्वादोन किलोमीटरच्या आत, ईशान्येकडे. चौकटीच्या रीतीत मात्र सिक्कीमचा परिणाम शून्य, कारण ते आधीपासूनच चौकटीच्या पोटात होते.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. कूचबिहारच्या सीमेवर २०१५ पर्यंत जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या सीमा होत्या. भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे भारताच्या पोटात. लोक त्यांना छिटमहाल म्हणत. दहाला खगराबाडी नावाचे भारताचे एक शेत बांगलादेशाच्या गावात होते, ते गाव भारताच्या एका तुकड्यात होते आणि तो तुकडा बांगलादेशात होता. इथल्या रहिवाशांना शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी परका देश ओलांडावा लागे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी या तुकड्यांची अदलाबदल केली. भारताने १७,१६० एकर दिले आणि ७,११० एकर घेतले. निव्वळ गेले १०,०५० एकर, म्हणजे सुमारे ४१ चौरस किलोमीटर. तराजूच्या सूत्रात घाला: भारताचा गुरुत्वमध्य हलला बारा मीटर! शाळेच्या दोन वर्गखोल्यांएवढा. हजारो माणसांचे नागरिकत्व त्या रात्री ठरले, आणि मध्यबिंदूला त्याची खबर लागली ती एवढीच.

इतके दूर जायलाही नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिक्षकांनी आपल्या जिल्ह्याचा मध्य काढायचे ठरवले तर कात्री हातात घेतल्याबरोबर प्रश्न येईल की जिवती तालुक्यातली चौदा गावे कापायची की ठेवायची? त्या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत, शिधापत्रिका दोन्हीकडच्या आहेत आणि मतदारयाद्यांत नावेही दोन्हीकडे आहेत. पुठ्ठा कापण्याआधी जो वाद वर्गात होईल तो त्या तासाचा खरा अभ्यास.

या सगळ्यामुळे मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यात करौंदी या गावीही भारताच्या मध्यबिंदूचे स्मारक आहे, हे ऐकून आता आश्चर्य वाटू नये. नागपूर खरे की करौंदी, असा प्रश्न मुले विचारतील. उलट त्यांनाच विचारावे: कोणत्या सालच्या सीमा, कोणती रीत आणि बेटे धरून की सोडून? या तिन्हींची उत्तरे दिल्याशिवाय देशाला मध्यबिंदू नसतोच. नागपूरच्या दाव्यात यांतले एकही उत्तर दिलेले नसते.

आता त्या वाक्याचा दुसरा भाग: "इथूनच साऱ्या देशाची अंतरे मोजली." यासाठी खांबावरचा मजकूर वाचणे पुरेसे आहे. सहलीत तो कोणी वाचत नाही. त्यावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, चांदा, बैतूल अशी नावे आहेत आणि पुढे मैल आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९. दिल्ली नाही, कलकत्ता नाही, मुंबई नाही. देशाच्या मध्याहून देशभरची अंतरे मोजणाऱ्याने राजधानी वगळून शिवनी आणि छिंदवाडा कशाला लिहिले असते? ही नागपुरातून फुटणाऱ्या वाटांवरच्या गावांची यादी आहे. या शहरापुरता रस्त्यांचा आरंभ इथे धरला, एवढाच 'शून्य मैल'चा अर्थ. असे दगड इतर शहरांतही आहेत. पुण्यात मुख्य टपाल कार्यालयापाशी एक आहे. तो भारताचा मध्य असल्याचे पुणेकरांनीही अजून म्हटलेले नाही, यावरून काय ते समजावे.

शिवाय सालाचा हिशेब पाहा. देशाची शास्त्रशुद्ध मोजणी १९०७ मध्ये सुरू झाली नव्हती, तिला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली. आधाररेषेची लांबी साखळीने मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एका ठिकाणाचे कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा आणि त्याची बाजू ही पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा करायची. अशी त्रिकोणांची माळ ७८° रेखावृत्ताच्या आसपासने कन्याकुमारीकडून उत्तरेकडे चढत गेली. या माळेच्या हिशेबासाठी जो मूळ बिंदू धरला गेला तो कल्याणपूर, आजच्या मध्य प्रदेशात सिरोंजजवळ. साऱ्या देशाच्या मोजणीचे 'शून्य' म्हणावे अशी एखादी जागा असेल तर ती ही. तिथे घोडे नाहीत आणि सहलीही जात नाहीत.

आणि लॅम्बटन? तो हे काम करता करता हैदराबादहून नागपूरकडे येत असताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, नागपूरपासून पाऊण-शंभर किलोमीटरवर. ज्या माणसाने या उपखंडाचा आकार मोजायला सुरुवात केली तो विदर्भाच्या मातीत आहे. हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत नसते, आणि ते खरे आहे.

मग तो ठेंगणा दगड काय सांगतो? त्यावर मध्य असा शब्दच नाही. त्यावर आहे ते ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हेचे नाव, 'स्टँडर्ड बेंच मार्क' ही अक्षरे, १९०७ हे साल आणि १०२०.१७१ फूट ही उंची. ही पातळीखूण आहे. ती सांगते समुद्रसपाटीपासून आपण किती वर आहोत ते. १०२०.१७१ फूट म्हणजे ३१०.९५ मीटर. दशांश चिन्हापुढचे तीन आकडे पाहा. एका फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना एवढ्या बारकाईने उंची लिहायचे धाडस कोणी कशाच्या बळावर केले?

त्याचे उत्तर पातळी घेण्याच्या कामात आहे. तिवईवर आडवी दुर्बीण बसवायची, पुढे आणि मागे अंकांची पट्टी धरलेले दोन माणूस उभे करायचे आणि दोन्ही पट्ट्यांवरच्या वाचनांतला फरक लिहायचा. मग सारे उचलून पुढे जायचे आणि पुन्हा तेच. समुद्रकाठापासून नागपूरपर्यंत असे हजारो मुक्काम होतात. प्रत्येक ठिकाणी दुर्बीण दोन पट्ट्यांच्या मध्यावर ठेवायची, म्हणजे तिचा दोष दोन्ही बाजूंना सारखा पडून वजा होतो. तेच अंतर उलट दिशेनेही मोजायचे आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहायचे. उन्हात हवा तापून पट्टीवरचे आकडे थरथरायला लागले की काम थांबवायचे. देशात हे काम १८५८ मध्ये सुरू झाले आणि साऱ्या जाळ्याची एकत्र जुळणी १९०९ मध्ये झाली. जुळणीसाठी नऊ बंदरांत भरती-ओहोटी मोजून काढलेली सरासरी समुद्रपातळी शून्य धरली होती: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओरिसाच्या किनाऱ्यावरचे फॉल्स पॉइंट. सीमांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो, भारताच्या उंचीच्या जाळ्याच्या मुळाशी आज परदेशात असलेल्या कराचीच्या समुद्राचाही वाटा आहे. १९४७ ची रेषा पाण्याच्या पातळीला लावता आली नाही.

हा दगड म्हणजे त्या अर्धशतकाच्या कष्टांची पोचपावती. पुढे धरणे, कालवे, लोहमार्ग, शहरांची गटारे हे सारे अशाच पातळीखुणांच्या आधाराने बांधले गेले. पाणी कुठे वाहील हे ज्याला आधी सांगायचे असते, त्याला देशाच्या मध्याचा उपयोग नसतो. त्याला उंची हवी असते. इतकी अस्सल गोष्ट डोळ्यांसमोर असताना आपण तिच्या गळ्यात भलताच हार घातला आहे. नंतर बसवलेले घोडे शोभेचे आहेत, असू द्यावेत. पण छायाचित्रात घोडे येतात आणि १०२०.१७१ हा आकडा येत नाही, ही मात्र शिक्षकांनी मनावर घेण्याजोगी गोष्ट आहे. नागपूर हे मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या लोहमार्गांच्या भेटीचे ठिकाण आहे, मोठे महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. दळणवळणाच्या दृष्टीने मध्यवर्ती म्हणवून घ्यायला त्याला खोट्या मध्यबिंदूची गरज मुळीच नाही.

ज्यांची सहल नागपूरला येणार नाही त्यांनाही या दगडाचा धडा शिकवता येतो. बहुतेक रेल्वे स्थानकांवरच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिथून शाळेपर्यंतची पातळी मुलांनीच आणावी. दुर्बिणीऐवजी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी चालेल. दोन मीटरपट्ट्या घ्याव्यात, नळीत पाणी भरून बुडबुडे काढावेत, दोन्ही टोके पट्ट्यांना धरून पाण्याच्या पातळ्या वाचाव्यात आणि फरक लिहून पुढे सरकावे. दहा मीटरची नळी आणि एक किलोमीटर वाट असेल तर शंभर मुक्काम होतील. एका गटाने स्थानकाकडून शाळेकडे यावे, दुसऱ्याने शाळेकडून स्थानकाकडे जावे. दोघांच्या उत्तरांत पाच-दहा सेंटिमीटरचा फरक नक्की पडेल. तो कुठे पडला हे शोधायला एक आठवडा द्यावा, आणि मग शाळेच्या जोत्यावर, दारापाशी, निघालेला आकडा रंगवावा.